अविचीचा 'ट्रू' : गाणं नक्की कोणाचं?

सूरपारंब्या (धागाकर्ता)
मागच्या रविवारी साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा संपला आणि मागे बसलेल्या लेकीने (वय ११) मोबाइल जोडून 'वेक मी अप' लावलं. आधी नुसती गिटार, मग तो भरदार आवाज. लेक म्हणाली, "बाबा, हा अविची काय भारी गातो ना!" मी म्हटलं, "अगं, गाणारा अविची नाही, ॲलो ब्लॅक आहे." तिने पडद्यावर बघितलं. तिथे एकच नाव होतं, अविची. "मग त्याचं नाव कुठाय?" शिरवळ आलं तरी मला धड उत्तर देता आलं नाही.

मी आकाशवाणीवर वाढलेला माणूस. गाण्याआधी तीन नावं कानावर पडायचीच: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. ती नावं ऐकल्याशिवाय गाणं सुरू झालं असं वाटायचंच नाही. त्यामुळे लेकीचा प्रश्न डोक्यातून जाईना. घरी आल्यावर अख्खा 'ट्रू' पुन्हा ऐकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अविची म्हणजे स्टॉकहोमचा टिम बर्गलिंग, संगणकावर नाचाची गाणी बांधणारा निर्माता आणि डीजे. 'ट्रू' हा त्याचा पहिला अल्बम. १३ सप्टेंबर २०१३ ला आला, तेव्हा त्याला २४ पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि त्यातलं एकही तो स्वतः गात नाही. ॲलो ब्लॅक सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावभरलं गाणं) गाणारा, डॅन टिमिन्स्की ब्लूग्रासवाला (अमेरिकेतलं बँजो-गिटारवरचं खेड्यातलं संगीत), ऑड्रा मे, सालेम अल फकीर, ॲडम लॅम्बर्ट, डेन्मार्कची मो. एकेका गाण्यात एकेक पाहुणा. तरी अल्बमवर नाव अविचीचं.

माझं मत सांगतो. अल्बम त्याचाच आहे, हे मला मनापासून पटतं. पण गाणाऱ्याचं नाव दर्शनी न लिहिणं मला अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

बाबुराव_नाशिक
ज्याने गायलं त्याचं गाणं. विषय संपला. बाकी संगणकावर बटणं दाबणं हे काम आहे, कला नाही. गळ्यातून काढून दाखवा, मग बोलू.

अनघा_च
वाचतेय. 'हे ब्रदर' माझं अत्यंत लाडकं. भावाच्या लग्नात वऱ्हाड बसमध्ये सलग चार वेळा लावलं होतं, शेवटी ड्रायव्हरकाकाच गुणगुणायला लागले.

एफएलवाला
बाबुराव, तुमच्या वयाचा मान राखून सांगतो, 'बटणं दाबणं' हे मनाला लागलं. मी इचलकरंजीत राहतो. दिवसा दुकान आणि रात्री हाच उद्योग, गेली नऊ वर्षं. अविची ज्या सॉफ्टवेअरवर काम करायचा त्याच एफएल स्टुडिओवर मीही करतो. म्हणून हे काम नेमकं काय असतं ते सांगतो.

अविची माउसने एकेक सूर पडद्यावर मांडायचा. डावीकडे पियानोच्या पट्ट्या उभ्या आणि समोर चौकटी. सूर म्हणजे एक छोटी हिरवी पट्टी. ती किती लांब, किती जोरात, शेजारच्या पट्टीच्या किती आधी, सगळं हाताने. त्याची चाल म्हणजे अशा पट्ट्या हजार वेळा सरकवून सापडलेली चाल. ती ऐकली की दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आपोआप तोंडात येते. अशी चाल बांधायला बसा, म्हणजे कळेल.

आता 'वेक मी अप' कान देऊन ऐका. सुरुवातीला फक्त गिटार आणि आवाज. नाचाची गाणी सहसा अशी सुरू होत नाहीत. क्लबच्या गाण्यात आधी नुसता ठेका असतो, म्हणजे डीजेला मागच्या गाण्याला ते गाणं जोडता येतं. इथे सरळ माणूस गायला लागतो. मग हळूहळू खालून किक, म्हणजे मोठ्या ढोलासारखा ठोका, येते, मिनिटाला १२४ ठोके, प्रत्येक मात्रेवर एक. आणि शब्द थांबतात तिथे सिंथची (सिंथेसायझरची) तान सुटते. गाण्याचा खरा मुखडा ती तान आहे. तिथे ॲलो ब्लॅक गप्प आहे. तिथे कोण गातंय सांगा बरं? तिथे टिम गातोय.

अजून एक गोष्ट. किक पडली की बाकीच्या वाद्यांचा आवाज क्षणभर दबतो आणि पुन्हा वर येतो. याला आम्ही साइडचेन म्हणतो. त्यामुळे अख्खं गाणं छातीसारखं वरखाली होतं. किती दाबायचं आणि किती वेळात सोडायचं, यात माझ्या रात्रीच्या रात्री गेल्यात. एक केस इकडे झाली तर गाणं धाप लागल्यासारखं वाटतं, एक केस तिकडे झाली तर मेल्यासारखं.

ढोलताशा_१९८४
एफएलवाला, वाहवा! हे आमच्या पथकातल्या पोरांना वाचून दाखवणार आहे. किक म्हणजे आमचा टोल. आणि तुम्ही लोक ज्याला ड्रॉप म्हणता तो आम्ही लक्ष्मी रोडवर दर वर्षी करतो. सगळे ढोल थांबतात, एकटा ताशा तडतडत चढत जातो, ध्वज वर जातो, माणसं श्वास धरतात आणि मग साठ ढोल एकदम पडतात. अंगावर काटा तिथे येतो. तो काटा येण्याआधीची शांतता कोणी ठरवली? ताशावाल्याने. म्हणून ताशावाला पथकाचा जीव असतो.

निळावंती
मी गाण्याच्या बाजूने बोलते, कारण मी तेच काम करते. चौदा वर्षं झाली. जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं आणि सर्वात जास्त म्हणजे डमी. डमी म्हणजे मोठ्या गायिकेने गाण्याआधी तिला चाल कळावी म्हणून आम्ही गाऊन ठेवतो ते.

२०१५ च्या आसपासची गोष्ट. अंधेरीत एका स्टुडिओत रात्री साडेअकराला बोलावलं. नाचाचं गाणं होतं, चार ओळी. मी अकरा वेगवेगळ्या तऱ्हांनी गायले. खालच्या पट्टीत, कुजबुजत, एकदा जवळजवळ ओरडत. ओरडलेलं त्यांना आवडलं. पाकीट मिळालं, शेवटची लोकल गेली होती म्हणून रिक्षाने घरी आले. तीन महिन्यांनी भाच्याच्या वाढदिवसाला हॉलमध्ये डीजेने तेच गाणं लावलं. माझाच आवाज होता, दुसऱ्या कोणी गायलंच नव्हतं. मुलं उड्या मारत होती. मी बहिणीला सांगितलं, "हे मी गायलंय." तिने मोबाइलवर शोधलं. नाव फक्त निर्मात्याचं. ती म्हणाली, "असेल गं, तुझ्यासारखा आवाज असेल." सख्खी बहीण.

एफएलवाला, तुमची मेहनत मी नाकारत नाही. ती मी काचेपलीकडून रात्र रात्र पाहिली आहे. पण आवाज ही काही लायब्ररीतून उचललेली वस्तू नाही. ती माणसाची ओळख असते.

एफएलवाला
ताई, वाचून गलबललो. तुमचं नाव असायलाच हवं होतं. यात माझा वाद नाही.

जुन्या_तबकड्या
निळावंती, तुमच्या अनुभवावरून आपल्याकडचीच एक गोष्ट आठवली. १९४९ साली 'महल' आला. खेमचंद प्रकाश यांच्या चालीवर 'आएगा आनेवाला' देशभर गाजलं. तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? 'कामिनी'. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव! तेव्हा तशीच रीत होती. लोकांनी रेडिओवर पत्रांचा पाऊस पाडला की ही गाणारी कोण, आणि मग लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. म्हणजे सूरपारंब्या, तुम्ही जी तीन नावं ऐकत मोठे झालात, ती ऐकणाऱ्यांनी मागून घेतलेली आहेत.

नाचाच्या संगीतात ही लढाई मार्था वॉशने लढली. ही अमेरिकन गायिका. १९९० च्या सुमाराला ब्लॅक बॉक्स आणि सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या गटांच्या गाजलेल्या गाण्यांत आवाज तिचा आणि व्हिडिओत ओठ हलवणारी बाई दुसरीच. ती कोर्टात गेली. तिचं नाव आणि मोबदला मान्य करावा लागला आणि त्यानंतर अमेरिकेतल्या कंपन्या अशा बाबतीत बऱ्याच सावध झाल्या.

सूरपारंब्या
'कामिनी'ची गोष्ट लेकीला आत्ताच सांगितली. तिने विचारलं, "पत्रं कोणी लिहिली?" म्हटलं, तुझ्या पणजीच्या वयाच्या लोकांनी.

पाली_पिटक
थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'अविची' हे नाव आपल्याच शब्दभांडारातलं आहे. बौद्ध परंपरेत अवीचि म्हणजे सर्वात खालचा नरक. 'अ-वीचि', जिथे वीचि नाही, खंड नाही, क्षणाचीही विश्रांती नाही असं ठिकाण. भागवताच्या पाचव्या स्कंधात नरकांची यादी आहे, तिथेही 'अवीचिमत्' येतो. मायस्पेस या संकेतस्थळावर 'अविची' हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं, म्हणून टिमने शेवटी आणखी एक आय जोडला.

आमच्या घरी पाली शिकवली जाते. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो. पण 'क्षणाचीही विश्रांती नाही' हा अर्थ फळ्यावर लिहिताना मला दर वेळी कसंतरी होतं.

डॉ_ऋतू
पाली_पिटक, तुम्ही कशाबद्दल म्हणताय ते कळलं. जानेवारी २०१२ मध्ये त्याला स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने न्यूयॉर्कला रुग्णालयात ठेवलं होतं, वय २२. कारण मद्य. २०१४ मध्ये पित्ताशय काढावं लागलं. म्हणजे 'ट्रू' या दोन आजारपणांच्या मधल्या काळात बनला आहे. २०१६ मध्ये त्याने दौरे थांबवले. २० एप्रिल २०१८ ला मस्कतमध्ये गेला, अवघा २८ वर्षांचा. स्वादुपिंडाचं ते दुखणं काय असतं हे मी रोज वॉर्डात बघते. पोटात सुरी फिरवल्यासारखं पाठीपर्यंत जातं, माणूस पाय पोटाशी घेऊन वाकून बसतो. असं झालेल्या मुलाला पुन्हा विमानात बसवून रात्री दोन वाजता मंचावर उभं करतात, हा विचार मला सहन होत नाही.

अनघा_च
ऋतू 💔

बाबुराव_नाशिक
हे काही मला माहीत नव्हतं. पोरगा माझ्या धाकट्यापेक्षा लहान होता म्हणजे. एफएलवाला, 'बटणं' हा शब्द मागे घेतो. तुमचं ते साइडचेन हेडफोन लावून ऐकलं. नातवाने लावून दिलं. कळलं. पण एक शंका: त्या 'हे ब्रदर'मध्ये बँजो आहे का? आमच्या वेळी गणपतीला बँजो पार्टी असायची, त्यातला सूर वाटेना.

कोकणकन्या
बाबुराव, तो बँजो वेगळा आणि आपला वेगळा! अमेरिकेतला बँजो म्हणजे चामडं ताणलेल्या गोल पेटीला लांब मान. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या बँजो पार्टीतला 'बँजो' म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. आमच्या वाडीत विसर्जनाला टेम्पोवर बसून वाजवतात. वाजवणाऱ्याच्या बोटाला तारेचे चर असतात, मी लहानपणी हात लावून बघितलेत.

आणि 'ट्रू'मध्ये ब्लूग्रास घेतलं त्याची गंमत इथेच आहे. मार्च २०१३ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात त्याने ही गाणी पहिल्यांदा लोकांसमोर आणली. नुसती यूएसबी लावून नाही, मंचावर खरे वादक उभे करून. समोर हजारो पोरं त्याच्या आधीच्या गाजलेल्या 'लेव्हल्स'सारखं काहीतरी ऐकायला आलेली आणि हा त्यांना खेड्यातलं संगीत ऐकवतोय. लोक गोंधळले, इंटरनेटवर खूप टवाळी झाली. आपल्याकडे कोणी ऐन विसर्जन मिरवणुकीत डीजे बंद करून ओवी सुरू करावी तसं. जूनमध्ये 'वेक मी अप' बाजारात आलं आणि महिन्याभरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. पहिल्याच आठवड्यात २ लाख ६७ हजार प्रती.

'हे ब्रदर' गाणारा तो डॅन टिमिन्स्की माहितीये कोण? २००० सालच्या कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'मध्ये जॉर्ज क्लूनी ओठ हलवतो तेव्हा आवाज टिमिन्स्कीचा. म्हणजे हा माणूस आधीही दुसऱ्याच्या चेहऱ्यामागून गायलेला. आपल्या पार्श्वगायकांची जातकुळी.

जुन्या_तबकड्या
कोकणकन्या, हा धागा मी जोडायला हवा होता, तुम्ही जोडलात. सुरेख.

ढोलताशा_१९८४
कोकणकन्या, तुम्ही गोव्याकडच्या का? सनबर्नला, त्या नाचगाण्याच्या महोत्सवाला, कधी गेला होतात?

कोकणकन्या
मी सावंतवाडीची, मामा कांदोळीला. २००७ साली सनबर्न कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालं तेव्हा मी दहावीत होते. तिकिटाचे पैसे कुठले? मामाच्या गच्चीवरून ऐकायचो. वाऱ्याची दिशा बदलली की वरचे सूर यायचे, नाहीतर फक्त खालचा धप्प धप्प. मामीच्या तुळशीवृंदावनावर ठेवलेला तांब्या त्या ठेक्याने थरथरायचा, पाण्यावर गोल वलयं उठायची. मामी खूप वैतागायची आणि तिचं बरोबरच होतं, घरात आजी आजारी होती. पण मला मात्र त्या वलयांकडे बघत बसावंसं वाटायचं. पुढे २०१६ ला महोत्सव पुण्याजवळ केसनंदला गेला तेव्हा पगारातून तिकीट काढून गेले.

बाबुराव_नाशिक
मामींच्या बाजूने मी आहे. आमच्या गल्लीत मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा वाजतात, घरात बायपास झालेला माणूस आहे. संगीत कितीही चांगलं असो, आवाजाला मर्यादा हवी.

ढोलताशा_१९८४
मान्य बाबुराव. आम्ही रुग्णालयासमोरून जाताना ढोल बंद ठेवतो. सगळी पथकं ठेवत नाहीत, ही खंत आहे.

अंतरा_मुखडा
मूळ विषयावर येते. सगळे 'ट्रू'चं कौतुक करताहेत, पण अल्बम म्हणून तो सलग चांगला आहे का? माझ्या मते नाही. पहिली चार गाणी, 'वेक मी अप', 'यू मेक मी', 'हे ब्रदर', 'ॲडिक्टेड टू यू', ही एकामागून एक इतकी भक्कम आहेत की पुढे उतार लागतो. चारही सिंगल म्हणून, म्हणजे सुटी गाणी म्हणूनही आली, यात नवल नाही. नंतर 'डिअर बॉय' जवळजवळ आठ मिनिटांचं. मला ते खूप आवडतं, पण नवऱ्याला पाचव्या मिनिटाला झोप लागते.

'ॲडिक्टेड टू यू'बद्दल मात्र भरभरून बोलायचंय. त्याच्या गीतकारांत मॅक डेव्हिस आहे. हा एल्विस प्रेस्लीसाठी गाणी लिहिणारा माणूस, १९४२ चा जन्म! सत्तरी ओलांडलेला गीतकार आणि चोविशीतला निर्माता. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. ऑड्रा मे ज्या ताकदीने गाते त्यावर किक नसती तरी चाललं असतं. आणि 'ले मी डाउन'मध्ये नाइल रॉजर्सची गिटार. हाच नाइल रॉजर्स त्याच वर्षी डॅफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'गेट लकी'तही वाजवत होता. सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचा हात एकाच वर्षी दोन पिढ्यांच्या नाचगाण्यांवर.

मला वाटतं टिमची खरी प्रतिभा इथे आहे. कोणाला बोलवायचं हे त्याला कळत होतं. शेफ स्वतः भाजी पिकवत नाही, पण कोणत्या शेतातली आणायची हे त्यालाच कळतं.

निळावंती
अंतरा, शेफची उपमा पटली नाही. भाजीला नाव नसतं, गायिकेला असतं.

अंतरा_मुखडा
बरोबर आहे. मागे घेते. मग नाटकाच्या दिग्दर्शकासारखा म्हणू. तो रंगमंचावर येत नाही, पण नाटक त्याचं असतं. आणि जाहिरातीत नटांची नावं असतात!

निळावंती
हे शंभर टक्के पटलं.

हिशेबनीस
नावाबरोबर पैशाचंही बोला. 'वेक मी अप' लिहिणारे तिघे: टिम, इन्क्युबस या बँडचा गिटारवादक माइक आइन्झिगर आणि ॲलो ब्लॅक. म्हणजे ब्लॅक नुसता गायक नाही, सहलेखक आहे. २०१४ मध्ये ब्लॅकने स्वतः आकडे जाहीर केले. पँडोरा या गाणी ऐकवणाऱ्या अमेरिकन सेवेवर गाणं १६ कोटी ८० लाख वेळा वाजलं आणि लेखनाच्या हक्कांपोटी मिळाले १२,३५९ डॉलर. तेही तीन लेखक आणि त्यांच्या प्रकाशकांत वाटून. त्याच्या हातात चार हजारांपेक्षा कमी. मी हा आकडा कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिला. एक डॉलर मिळायला साधारण साडेतेरा हजार वेळा गाणं वाजावं लागतं.

एफएलवाला
हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. माझं सर्वात जास्त ऐकलेलं गाणं ११ हजार वेळा वाजलंय.

ढोलताशा_१९८४
लिंक द्या, पथकातली १४० पोरं आहेत. आज रात्रीत डॉलर पुरा करतो.

एफएलवाला
😄 दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मनापासून आभार.

स्टॉकहोमकर
उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले. मी बारा वर्षं स्टॉकहोममध्ये आहे. टिम गेल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवारी सेर्गेल्स तोर्ग या मधल्या चौकात हजारो लोक जमले. स्वीडिश माणूस रस्त्यात अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाही, बसथांब्यावरसुद्धा दोन हात अंतर ठेवून उभा राहतो. त्या दिवशी मात्र लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होते. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्यांना शब्द येत नव्हते, पण ती सिंथची तान त्या 'ला ला' करून बरोबर गात होत्या. एफएलवाला म्हणतात तिथे टिम गातो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाबद्दल. ५ डिसेंबर २०१९ ला इथल्या फ्रेंड्स अरीनात त्याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली. जमलेला पैसा मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या, त्याच्या घरच्यांनी काढलेल्या टिम बर्गलिंग फाउंडेशनला गेला. त्या मंचावर एकेक गायक येत गेला. ॲलो ब्लॅक, टिमिन्स्की, ऑड्रा मे, ॲडम लॅम्बर्ट. मागे वाद्यवृंद. इतकी वर्षं ज्यांची नावं लोकांना माहीत नव्हती ते सगळे एका रात्रीत समोर आले आणि मधली जागा मात्र मोकळी होती. माझ्या बायकोने 'हे ब्रदर'ला माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले होते. तिचा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी गेला होता.

२०२१ मध्ये इथल्या त्या मोठ्या पांढऱ्या गोल घुमटाचं नाव बदलून अविची अरीना झालं. रोज कामाला जाताना दिसतो.

अनघा_च
स्टॉकहोमकर, डोळे भरून आले. वहिनींना नमस्कार सांगा.

पाली_पिटक
मधली जागा मोकळी होती, यापुढे मला काही लिहिता येत नाही.

निळावंती
सगळे गायक एका मंचावर. मला हे माहीत नव्हतं. व्हिडिओ शोधून आजच बघते.

सूरपारंब्या
सर्वांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. लेकीला काल रात्री अर्धा धागा वाचून दाखवला (रुग्णालयाचा भाग सोडून). आज सकाळी बघतो तर तिने शाळेच्या चित्रकलेच्या वहीत 'ट्रू'चं मुखपृष्ठ पुन्हा काढलंय. वर अविची. खाली एकेक गाणं आणि समोर तीन रकाने: गीत, संगीत, स्वर. 'वेक मी अप'समोर तिन्ही लेखकांची नावं, स्वर ॲलो ब्लॅक. मॅक डेव्हिससमोर कंसात '७१ वर्षांचे आजोबा'. 'आइन्झिगर' दोनदा खोडून लिहिलंय.

तिची एक अडचण आहे. शेवटचं 'हार्ट अपॉन माय स्लीव्ह' इमॅजिन ड्रॅगन्स या बँडबरोबरचं आहे, पण त्यात कोणी गातच नाही. ती विचारते, स्वर या रकान्यात काय लिहू?

अंतरा_मुखडा
सूरपारंब्या, तिला सांगा, २०१३ च्या अल्बममध्ये ते नुसतं वाद्यांचं आहे. टिम गेल्यानंतर जून २०१९ मध्ये 'टिम' नावाचा अल्बम आला. त्यात तेच गाणं शब्दांसकट आहे आणि इमॅजिन ड्रॅगन्सचा डॅन रेनॉल्ड्स गातो.

सूरपारंब्या
सांगितलं. तिने रकाना मोकळाच ठेवलाय आणि समोर पेन्सिलीने लिहिलंय: 'सहा वर्षांनी, डॅन रेनॉल्ड्स'.

एफएलवाला
त्या पानाचा फोटो टाका ना. आणि निळावंतीताई, माझ्याकडे एक चाल तीन वर्षं पडून आहे. आवाज कोणाचा घ्यावा हे सुचत नव्हतं. तुम्हाला ऐकायला पाठवू का? नाव तुमचं आधी, माझं नंतर.

निळावंती
पाठवा. पट्टी कोणती आहे?

एफएलवाला
काळी दोन. पण तुम्ही म्हणाल तशी खाली-वर करतो.